काळीज शांत झालं तर भीती शांत होईल का?

आत्याच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी पहिल्या नंबरला होतं. सोमवारी दुपारीच तिला पिंपळगाव बसवंतहून नाशिकला आणून भरती केलं. संध्याकाळी सिस्टर येऊन सांगून गेल्या, रात्री दहानंतर काही खायचं नाही. वॉर्डातले दिवे मंद झाले तेव्हा आत्यानं आपलं मनगट माझ्या हातात दिलं. "बघ गं, किती पळतंय." मी घड्याळाकडे बघत मोजलं. मिनिटाला ११२ ठोके. आणि ती तर पलंगावर स्वस्थ पडून होती.

"भीती वाटतेय का?" मी विचारलं.

"मी नाही घाबरले. काळीज घाबरलंय. तुमच्याकडं काळजाला द्यायचं काही असलं तर दे."

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. त्यामुळे तिनं सहज मागितलेली गोष्ट खरोखर अस्तित्वात आहे, हे मला ठाऊक होतं. प्रोप्रॅनोलॉल नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. ती हृदयासाठी तयार झाली, आणि कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत ती देऊन काय फरक पडतो, हे जगात काही ठिकाणी रीतसर चाचण्या घेऊन तपासलं जातंय. त्या रात्री मी आत्याला काही दिलं नाही. तो अधिकार तिच्या डॉक्टरांचा. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. घाबरलेलं काळीज औषधानं शांत केलं, तर आत्या शांत होईल का? या औषधावरचं सगळं संशोधन फिरून फिरून याच प्रश्नाशी येतं.

आपली भाषा भीतीला शरीरातच जागा देते. काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. यातला प्रत्येक शब्दप्रयोग शरीरशास्त्राला धरून आहे. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की तो दोन वाटांनी निरोप धाडतो. एक वाट मज्जातंतूंची, थेट हृदयापर्यंत जाणारी. त्यांच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे रसायन सुटतं. दुसरी वाट जाते अधिवृक्क ग्रंथींकडे. या दोन लहानशा ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात, आणि निरोप मिळताच त्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. काही सेकंदांत हृदय जोरात आणि भरभर धडकू लागतं, श्वासनलिका रुंदावतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, तळहातांना घाम फुटतो.

निफाड-सिन्नरकडे उसाला पाणी धरायला रात्री गेलेल्या माणसासमोर बिबट्या आला, तर ही तयारी त्याचा जीव वाचवते. पळायचं तरी किंवा काठी उगारायची तरी, दोन्हीला रक्त आणि साखर लागते. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री पळायला जागा नसते आणि काठी उगारायला समोर कोणी नसतं. शरीर बिबट्यासाठी सज्ज झालेलं, आणि माणूस पांढऱ्या चादरीवर पडून छताच्या पंख्याकडे बघत राहतो.

इथे आणखी एक गोष्ट घडते. हृदयाची धडधड मेंदूलाही जाणवते. मेंदू त्यावरून अंदाज बांधतो की एवढं धडधडतंय म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय. मग तो आणखी निरोप धाडतो, धडधड आणखी वाढते. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८८४ मध्येच मांडलं होतं की आपण घाबरतो म्हणून थरथरतो असं नाही, थरथरतो म्हणून आपल्याला घाबरल्यासारखं वाटतं. तो म्हणाला तितकं ते एकमार्गी नाही. भीती दोन्हीकडून वाहते, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पण त्याच्या म्हणण्यात एक शक्यता दडलेली होती. हा फेरा कुठेतरी तोडता आला, शरीराच्या बाजूनं तोडता आला, तर?

फेरा तोडणारं औषध सापडलं ते मात्र वेगळ्याच कामासाठी. जेम्स ब्लॅक हे स्कॉटिश संशोधक १९५० च्या दशकाच्या अखेरीस हृदयशूलाचा विचार करत होते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी छातीत कळ येते. तोवर सगळे हृदयाचा रक्तपुरवठा कसा वाढवता येईल हे बघत होते. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा धरला. पुरवठा वाढत नसेल तर हृदयाची मागणीच कमी करू. अ‍ॅड्रिनॅलिन हृदयाला पळवतं, तर त्याचं म्हणणं हृदयापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. यातून १९६४ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल आलं, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

हे औषध काम कसं करतं, हे मी वर्गात एसटीच्या उदाहरणानं सांगते. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हृदयाच्या पेशींवर अ‍ॅड्रिनॅलिनसाठी ठरलेल्या बसायच्या जागा असतात, त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. अ‍ॅड्रिनॅलिन त्या जागेवर बसलं की हृदयाला हुकूम सुटतो, पळ. प्रोप्रॅनोलॉल आधी येऊन त्या जागांवर रुमाल टाकतं. रुमाल स्वतः काही हुकूम देत नाही, फक्त जागा अडवून ठेवतो. अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात फिरत राहतं, पण त्याला बसायला मिळत नाही. म्हणून या गटाच्या औषधांचं नाव बीटा ब्लॉकर. गर्दी फारच लोटली तर काही रुमाल बाजूला सारले जातात, हेही एसटीसारखंच. औषध अ‍ॅड्रिनॅलिनचा प्रभाव कमी करतं, शून्यावर आणत नाही.

हे उदाहरण थोडं पुढे न्यावंच लागतं, कारण सावधगिरी तिथेच आहे. कोणी महिनोन्महिने ही गोळी घेत असेल तर शरीर हळूहळू जागाच वाढवतं. आणि एके दिवशी गोळी अचानक बंद केली की सगळे रुमाल एकदम उचलले जातात. जागा वाढलेल्या, गर्दी तेवढीच. हृदय उधळतं, हृदयविकार असलेल्या माणसाला त्यातून झटकाही येऊ शकतो. म्हणून ब्लड प्रेशरसाठी किंवा अर्धशिशीसाठी जे आधीपासून बीटा ब्लॉकर घेतात, त्यांनी "उद्या ऑपरेशन आहे, गोळ्या नकोत" असं परस्पर ठरवू नये. ऑपरेशनच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे भूलतज्ज्ञ सांगतात. ही गोळी बहुतेकदा चालू ठेवली जाते.

आता भीतीकडे परत. या औषधानं घाबरलेल्या माणसाला बरं वाटतं, हे डॉक्टरांच्या लक्षात लवकर आलं. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये चिंतेच्या विकारानं त्रस्त रुग्णांवर छोटी चाचणी झाली आणि ती लॅन्सेट या नियतकालिकात आली. धडधड, थरथर यांसारखी शरीराची लक्षणं कमी झाली. मनातल्या चिंतेवर परिणाम तितका ठळक नव्हता. पुढे १९७७ मध्ये याच गटातलं दुसरं औषध तंतुवाद्यं वाजवणाऱ्या कलाकारांना देऊन बघितलं. मंचावर हात कापला की गज तारेवर थरथरतो, आणि गज थरथरला की सूर. औषध घेतल्यावर थरथर कमी झाली, वादनही सुधारलं. नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकरवर बंदी आहे ती याच कारणानं.

पण मंचावरची भीती आणि कॅन्सरच्या ऑपरेशनआधीची भीती एकाच जातीच्या आहेत का? मला वाटतं, इथे थांबून विचार करायला हवा. वादकाची भीती त्याच्या हातात उतरते. हात स्थिर झाला की भीतीचं कारणच निम्मं संपतं, कारण त्याला धास्ती हात कापण्याचीच होती. आत्याची भीती हाताची नव्हती. गाठ किती पसरली असेल, भुलीतून जाग येईल ना, केमो लागेल का, द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी कोण बघेल, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. त्या प्रश्नांच्या जागेवर रुमाल टाकणारं औषध हे नाही. प्रोप्रॅनोलॉल मेंदूतही शिरतं हे खरं, कारण ते चरबीत सहज विरघळतं. तरीही चिंतेच्या विकारांवर ते नेहमीचा उपचार म्हणून वापरावं इतका पुरावा जमलेला नाही, असं २०१६ मध्ये जुन्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी लिहिलं. म्हणूनच नवी चाचणी करावीशी वाटते. उत्तर आधीच माहीत असतं तर चाचणी कशाला हवी होती?

मग कॅन्सरचीच ऑपरेशनं का निवडायची? याला दोन कारणं आहेत. पहिलं सरळ आहे. ही भीती मोठी असते आणि तिला मुदत असते. गाठ कळल्यापासून ऑपरेशनपर्यंत जे काही दिवस जातात, तेवढ्यापुरता आधार हवा असतो. थोड्या दिवसांसाठी देता येईल, सवय लागणार नाही, गुंगी येणार नाही, असं औषध शोधायचं तर प्रोप्रॅनोलॉल डोळ्यांसमोर येतंच.

दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते सांगताना मी फार जपून बोलते. अ‍ॅड्रिनॅलिनला बसायच्या जागा हृदयावरच असतात असं नाही. त्या रोगप्रतिकार पेशींवर असतात आणि काही प्रकारच्या कॅन्सरपेशींवरही असतात. २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांना रोज काही काळ कोंडून ठेवून ताण दिला. मूळ गाठ काही फारशी वाढली नाही, पण दूरच्या अवयवांत कॅन्सर पसरण्याचं प्रमाण तीसपटीपर्यंत गेलं, आणि प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर तो परिणाम रोखला गेला. त्यानंतर इस्राएल आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी माणसांवर लहान चाचण्या केल्या. मेलबर्नच्या चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी सात दिवस हे औषध दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा औषध घेतलेल्यांच्या गाठींत पसरण्याशी संबंधित खुणा कमी होत्या. इस्राएलच्या चाचणीत त्याच्या जोडीला सूज कमी करणारं दुसरं औषधही होतं, आणि तिथेही अशाच खुणा दिसल्या. त्या आशादायक आहेत, पण खुणाच आहेत. त्यांच्यावरून रुग्ण जास्त जगतात असं म्हणता येत नाही.

ऑपरेशनच्या आसपासचा काळ महत्त्वाचा असू शकतो, याचं ठोस उदाहरण मात्र आपल्या जवळचं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अनेक केंद्रांत मिळून सुमारे १६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. स्तनाची गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे औषध. ज्यांना ते टोचलं त्यांच्यापैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के हयात होत्या, ज्यांना टोचलं नाही त्यांच्यापैकी ८६.४ टक्के. जुनं, स्वस्त, पेटंट संपलेलं औषध. अशा औषधांच्या मोठ्या चाचण्यांवर औषध कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, म्हणून त्या सरकारी आणि धर्मादाय संस्थांनाच कराव्या लागतात. प्रोप्रॅनोलॉलचीही तीच गत आहे.

जपून बोलते ते कशासाठी, तेही सांगते. आत्याला भेटायला आलेल्यांपैकी किमान चौघांनी तिला सांगितलं, "टेन्शन घेऊ नको, टेन्शननं कॅन्सर वाढतो." पाचवीनं तर विचारलं, "मागच्या दोन वर्षांत घरात काही ताण होता का गं?" उंदरांवरचे निष्कर्ष माणसाच्या अंगावर असे फेकायचे नसतात. ताणामुळे तुला कॅन्सर झाला, असं कोणत्याही रुग्णाला सांगण्याइतका पुरावा कोणाकडे नाही. घाबरलेल्या माणसाला तू घाबरलास म्हणून आजार वाढेल असं सांगणं म्हणजे त्याच्या भीतीवर आणखी एक धोंडा ठेवणं. कृपा करून हे कोणालाही म्हणू नका.

बीटा ब्लॉकर इतकं चांगलं आहे, साठ वर्षं वापरात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, मग ऑपरेशनआधी सरसकट का देत नाहीत? हा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. दरवर्षी मी त्यांना पॉइज नावाच्या चाचणीची हकीकत सांगते.

१९९० च्या दशकात काही छोट्या चाचण्यांवरून असं वाटू लागलं होतं की हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांना इतर कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी बीटा ब्लॉकर दिलं तर हृदयाचे झटके टळतील. तर्क पटण्यासारखा होता. अनेक ठिकाणी ते सुरूही झालं. मग २३ देशांतल्या ८३५१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निकाल आले. औषध होतं मेटोप्रोलॉल, याच कुटुंबातलं, आणि ते ऑपरेशनच्या काही तास आधी मोठ्या मात्रेत सुरू केलं होतं. हृदयाचे झटके खरोखर कमी झाले, हजारी ५७ वरून ४२ वर. पण मृत्यू वाढले, हजारी २३ वरून ३१ वर. पक्षाघात दुपटीला गेला, हजारी ५ वरून १०. हृदय वाचवताना रक्तदाब इतका खाली गेला की मेंदूला रक्त कमी पडलं असावं.

त्या चाचणीतले रुग्ण वयस्क होते, हृदयविकाराच्या उंबरठ्यावरचे होते, मात्रा मोठी होती. भीतीसाठी द्यायची मात्रा लहान असते. तरी दोन्हींत सारखं काय आहे ते विसरून चालत नाही. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव झाला तर नाडी वाढते आणि त्यावरून भूलतज्ज्ञाला वेळेत इशारा मिळतो. बीटा ब्लॉकर घेतलेल्या माणसाची नाडी तशी वाढत नाही. इशारा देणारी घंटाच दबलेली असते. कुठल्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी आली तर अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन देतात, तेही अशा वेळी कमी लागू पडू शकतं, कारण जागांवर रुमाल आहेत. म्हणूनच कोणी शेजारणीकडून मिळालेली "धडधडीची गोळी" गुपचूप घेऊन ऑपरेशनला गेलं तर ते धोक्याचं आहे. भूलतज्ज्ञाला माहीत असेल तर तो त्या हिशेबानं तयारी ठेवतो.

दमा असलेल्यांना तर ही गोळी नकोच. श्वासनलिकांवरही अशाच जागा असतात, तिथे अ‍ॅड्रिनॅलिन बसलं की त्या मोकळ्या राहतात. प्रोप्रॅनोलॉल हृदय आणि फुफ्फुस असा फरक करत नाही, दोन्हीकडे रुमाल टाकतं, आणि दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. ज्यांची नाडी मुळातच संथ आहे किंवा हृदयातली विजेची वाट अडलेली आहे, त्यांनाही नको. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. साखर फार खाली गेली की एरवी हात थरथरतात, धडधडतं, आणि माणूस सावध होऊन साखर खातो. या गोळीनं थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र सुटतोच, तो झाकला जात नाही. ऑपरेशनआधी उपाशी असलेल्या मधुमेहीच्या बाबतीत ही एवढी माहितीही फार मोलाची आहे.

आता चाचणी. हा भाग आत्याला समजावताना मला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण चाळीस वर्षं द्राक्षं केलेल्या बाईला चाचणी म्हणजे काय हे नव्यानं शिकवावं लागत नाही.

बागेत भुरीवर, म्हणजे वेलीवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीच्या रोगावर, नवं औषध आलं. विकणारा म्हणतो, मारलं की भुरी गेलीच. मारलं, आणि खरंच गेली. पण ती औषधानं गेली की मधेच ऊन पडलं म्हणून गेली? कळायचं तर काही ओळींवर औषध मारायचं, काहींवर नुसतं पाणी. पाण्याच्या ओळीही फवारायच्याच, म्हणजे फवारणीच्या ओलाव्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा. माणसांच्या चाचणीत औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी असते ती हे पाणी. भीतीच्या बाबतीत तिची गरज फार, कारण "मला काहीतरी दिलंय" एवढ्यानंच अनेकांना हायसं वाटतं.

पण कुठल्या ओळीला काय मिळणार, हे मालकानं ठरवायचं नाही. नाहीतर विहिरीकडच्या दाट ओळींना एक आणि बांधावरच्या विरळ ओळींना दुसरं, असं होऊन बसतं. चिठ्ठ्या टाकायच्या. आणि टाकीत औषध आहे की पाणी, हे फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्यालाही माहीत नसावं आणि घड तपासणाऱ्यालाही. नाहीतर ज्याला औषधावर विश्वास आहे त्याला भुरी कमीच दिसते.

प्रोप्रॅनोलॉलच्या चाचणीत इथेच एक खोच आहे. या औषधानं नाडी उतरते. ज्या सिस्टर रोज नाडी बघतात त्यांना दोन दिवसांत अंदाज येतो की कोणाला खरी गोळी मिळतेय. रुग्णालाही येतो. म्हणून चांगल्या चाचणीत शेवटी विचारतात, तुम्हाला कोणती गोळी मिळाली असं वाटतं? ओळखणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून फार जास्त निघालं तर निकाल जरा हात राखून वाचायचा.

आणि मोजायचं काय? नाडी मोजून भीती कमी झाली असं म्हणणं म्हणजे फसवणूक होईल, कारण नाडी तर औषधानं उतरणारच. भीती माणसाला विचारावी लागते. त्यासाठी ठरीव प्रश्नावल्या आहेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तयार झालेली एक फक्त सहा प्रश्नांची आहे, चार भुलीच्या आणि ऑपरेशनच्या काळजीबद्दल, दोन माहिती किती हवीशी वाटते याबद्दल. अशी प्रश्नावली मराठीत आणणं सोपं नाही. काळजी, धास्ती, हुरहूर, धाकधूक, घालमेल, यांतला कुठला शब्द कुठे? दिंडोरीच्या आजीला "चिंताग्रस्त" म्हटलं तर ती म्हणेल, नाही बाई. "जीव खालीवर होतो का?" विचारलं तर डोळे भरतील. शिवाय मुलगा शेजारी उभा असेल तर उत्तर एकच येतं, "काही नाही, बरी आहे मी." प्रश्न एकटीला, पडदा ओढून विचारायला हवेत.

यातून आपल्याकडचा एक अवघड विषय निघतो. अनेक घरांत रुग्णाला कॅन्सर हा शब्दच सांगत नाहीत. "साधी गाठ आहे, काढली की झालं." हेतू मायेचा असतो. पण अशा माणसाला चाचणीत घेता येत नाही, कारण कशासाठी काय दिलं जातंय हे समजून दिलेली संमती हवी असते, आणि ती त्याच्याच भाषेत. मी तर म्हणेन की चाचणी नसली तरी हा लपंडाव रुग्णाला शांत करत नाही. घरातले कुजबुजतात, तो आला की गप्प होतात, आणि तो एकटाच सगळं जाणून गप्प पडून राहतो.

१९६३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट तपासून प्रसिद्ध केली होती. काही रुग्णांना ऑपरेशनआधी झोपेचं औषध दिलं, काहींना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन भेटले आणि उद्या काय काय होणार ते बोलले. औषधवाले गुंगीत होते, पण शांत नव्हते. भेट झालेले जागे होते आणि जास्त शांत होते. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीतही लोराझेपाम ही शामक गोळी आधी देऊन रुग्णांचं समाधान वाढलं नाही, उलट त्यांना ऑपरेशननंतर सावध व्हायला जास्त वेळ लागला. वयस्क माणसांत अशा शामक गोळ्यांनी भ्रम होण्याचाही धोका असतो. प्रोप्रॅनोलॉलला चाचणीत टिकायचं तर त्याची गाठ नुसत्या रिकाम्या गोळीशी नाही, पलंगावर बसून पाच मिनिटं बोलणाऱ्या डॉक्टरशीही आहे. अशी चाचणी कोणी आखत असेल तर तिसरा गट या भेटीचा ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला भूलतज्ज्ञ बाई आल्या. स्टूल ओढून बसल्या. मास्क कसा लावणार, हातात सुई कुठे, जाग येईल तेव्हा समोर कोण असेल, नळी कुठे असेल, सगळं आत्याला सांगितलं. आत्यानं विचारलं, "मधेच जाग आली तर?" त्या हसल्या नाहीत. मशीनवर काय काय दिसतं आणि त्या पूर्ण वेळ शेजारी कशा असतील, ते सांगितलं. त्या गेल्यावर मी पुन्हा मनगट धरलं. ९०. एका माणसाची नाडी पुरावा नसतो, हे मी रोज वर्गात सांगते, इथेही सांगते. रात्रभर पडून दमल्यामुळेही ती उतरली असेल.

आत्या आता बरी आहे. तपासणीला दर सहा महिन्यांनी येते, आल्यावर माझ्याकडे मुक्काम असतो. परवा चहा घेताना मी तिला विचारलं, "अशी चाचणी तुझ्या वेळी असती तर नाव दिलं असतंस?" मग तिला सगळं सांगितलं. भारतात २००९ पासून अशी चाचणी सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती नोंद कोणालाही बघता येते. नीतिसमितीची मंजुरी लागते. कधीही बाहेर पडता येतं, त्यानं नेहमीच्या उपचारात फरक पडत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सही करण्याआधी विचारायचे प्रश्न मी एका कागदावर लिहून दिले. माझी नाडी किती खाली गेली तर गोळी थांबवणार? माझ्या इतर गोळ्यांशी ही जुळते का? रात्री चक्कर आली तर फोन कोणाला करायचा? भूल देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असेल ना?

तिनं चष्मा लावून कागद सावकाश वाचला. मग म्हणाली, "माझ्या वाट्याला पाण्याची ओळ आली असती तर?"

"येऊ शकते. निम्म्यांना येतेच. म्हणून तर कळतं."

"येऊ दे की. माझी ना नाही." कागद तिनं माझ्याकडे सरकवला. "पण हंगाम संपल्यावर माझी ओळ कुठली होती ते मला सांगणार का? ते नाही लिहिलंस यात. लिही."

मी पेन शोधलं आणि पाचवा प्रश्न लिहिला.